चव तीच, बाटली तीच, नाव आपलं : हुबर्ट अंडरबर्गच्या धंद्यातून शिकण्यासारखे पाच धडे

व्हिडिओमध्ये वेळेअभावी जे सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहायचं, हे आपलं ठरलेलंच आहे. आजची केस स्टडी जर्मनीतली आहे. वनौषधींपासून कडू मद्य बनवणाऱ्या एका घराण्याची आणि ते सुरू करणाऱ्या माणसाची.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख दारूच्या धंद्यात उतरा म्हणून सांगणारा नाही. आपल्याकडे तो धंदा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय करताच येत नाही, आणि तो आपला विषयही नाही. आपल्याला बघायचंय ते वेगळंच. मसाला, लोणचं, पापड, उटणं, साबण, काढा, सरबत असं काहीही घरून बनवून विकणाऱ्या माणसाला जे दोन प्रश्न रोज छळतात, तेच दोन प्रश्न या माणसाला पावणेदोनशे वर्षांपूर्वी पडले होते. पहिला : प्रत्येक वेळी माल सारखा कसा निघेल? दुसरा : आपला माल चालायला लागला की शेजारचा तसाच माल काढतो, त्याचं काय करायचं? त्याने या दोन्ही प्रश्नांवर जे केलं, ते वहीत उतरवून घेण्यासारखं आहे.

माणूस कोण, माल काय?

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, ऱ्हाइन नदीच्या खालच्या भागात राइनबेर्ग नावाचं एक छोटं गाव आहे. नेदरलँड्सची सीमा तिथून जवळच. या गावात १७ जून १८४६ रोजी हुबर्ट अंडरबर्ग या तरुणाने आपली कंपनी सुरू केली. (जर्मन लोक हे आडनाव ‘उंडरबेर्ग’ असं म्हणतात, पण आपण अंडरबर्गच म्हणू.) तारीख लक्षात ठेवा, कारण त्याच दिवशी त्याचं लग्नही होतं! बायकोचं नाव कातारिना आल्ब्रेख्त. कंपनीचं नाव त्याने ठेवलं ‘एच. अंडरबर्ग-आल्ब्रेख्त’. नवऱ्याच्या आडनावाला बायकोचं माहेरचं आडनाव जोडायची त्या भागात पद्धत होती, आणि तेच जोडनाव कंपनीच्या पाटीवर लागलं.

आपल्याकडे कित्येक घरांत माल बायको बनवते, हिशोब बायको ठेवते, आणि बँकेच्या कागदावर तिचं नाव कुठेच नसतं. एवढ्या एका गोष्टीवर घरी जाऊन विचार करा. मी पुढे जातो.

माल काय होता? जेवण झाल्यावर घोटभर घ्यायचं कडू मद्य. युरोपात याला ‘बिटर’ म्हणतात. वेगवेगळ्या देशांतल्या मुळ्या, साली, पानं, बिया अल्कोहोलमध्ये भिजवून त्यांचा अर्क काढायचा आणि तो लाकडी पिंपात मुरवायचा. आजही अंडरबर्गमध्ये ४४ टक्के अल्कोहोल असतं, आणि कृती घराण्यातल्या मोजक्या लोकांनाच माहीत असते.

आता महत्त्वाचा मुद्दा. कडू मद्याचा शोध हुबर्टने लावलेला नाही. ते आधीपासून बाजारात होतं, आणि ‘बोनेकांप’ या डच नावाने ओळखलं जात होतं. म्हणजे नवीन प्रॉडक्ट त्याच्याकडे नव्हतंच. मग त्याने विकलं काय?

धडा १ : त्याने ‘सारखेपणा’ विकला

तरुणपणी कामधंदा शिकताना हुबर्ट शेजारच्या डच मुलखात राहिला होता. तिथे त्याने एक गोष्ट पाहिली. लोक येनेवर नावाच्या डच दारूत वनौषधींचा कडू अर्क घालून घ्यायचे. पण अर्क किती घालायचा, हे ओतणाऱ्याच्या हातावर असायचं. आज चार थेंब जास्त, उद्या दोन कमी. त्यामुळे प्रत्येक पेला वेगळा. एकाच दुकानात, एकाच माणसाच्या हातून, तरी वेगळा.

बाकीच्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. ‘हाताची चव’ म्हणून सोडून दिलं. हुबर्टला तिथे धंदा दिसला. अर्क आणि मद्य यांचं प्रमाण आपणच कायमचं ठरवायचं, तयार करूनच बाटलीत भरायचं, आणि गिऱ्हाइकाला दर वेळी तीच चव द्यायची. आपल्या पद्धतीला त्याने लॅटिन नाव दिलं : ‘सेम्पर इडेम’. म्हणजे ‘नेहमी तेच’. हे शब्द आजही त्या कंपनीच्या नावाचा भाग आहेत.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण वनस्पतीपासून माल बनवणाऱ्याला विचारा. तीच मुळी एका वर्षी जास्त कडू निघते, दुसऱ्या वर्षी कमी. पाऊस किती झाला, माती कशी, कापणी कधी केली, सावलीत वाळवली की उन्हात, या सगळ्यावर तिचा कस ठरतो. अर्क काढतानाही तसंच. अल्कोहोल किती तीव्र, भिजवलं किती दिवस, गरमी किती, यावर कडूपणा आणि वास बदलतात. कारण काही घटक अल्कोहोलमध्ये लवकर उतरतात, काही पाण्यात. म्हणून असा माल बनवणाऱ्याला प्रत्येक खेप आधीच्या खेपेशी ताडून बघावी लागते आणि प्रमाण जुळवावं लागतं. मुरवायला वेळ द्यावा लागतो.

आता आपल्या घरात या. तुम्ही कांदा-लसूण मसाला करता. यंदाची ब्याडगी मिरची मागच्या वर्षीइतकी लाल नाही, संकेश्वरी जरा जास्त तिखट आहे, खोबरं थोडं जास्त भाजलं गेलं. मसाला वाईट झाला का? नाही. पण वेगळा झाला. मी स्वतः दुकान चालवतो, म्हणून काउंटरच्या या बाजूचं सांगतो. ‘मागच्या वेळेसारखा नाही हो’ असं तोंडावर सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. बाकीचे काही बोलत नाहीत. पुढच्या महिन्यात येतात, बाजूचं पाकीट उचलतात आणि जातात. बनवणाऱ्या ताईंना वर्षभर कळतच नाही की माल का खपत नाही.

उपाय तीन, आणि तिन्ही फुकट :

१. वजन करा, अंदाज सोडा. ‘मूठभर’, ‘चवीपुरतं’ हे घरच्या जेवणाला ठीक. विकायच्या मालाला ग्रॅम लागतात.

२. बॅचची वही ठेवा. तारीख, कच्चा माल कोणाकडून आणि कोणत्या जातीचा, वजनं, भाजायला लागलेला वेळ. एका बॅचला एक पान.

३. प्रत्येक बॅचमधली एक छोटी बरणी बाजूला ठेवा. नवीन बॅच झाली की जुनीशी रंग, वास, चव ताडून बघा. शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाला न सांगता दोन्ही चाखायला द्या. त्याला फरक कळला, तर गिऱ्हाइकालाही कळणार.

धडा २ : नक्कल होण्याआधी पुरावा तयार ठेवला

माल चालला, आणि अपेक्षेप्रमाणे नकला आल्या. तेव्हा आजच्यासारखा ट्रेडमार्कचा कायदा जर्मनीत नव्हता. जर्मनी हा एक देशही नव्हता. राइनबेर्ग प्रशियाच्या राज्यात होतं. मग हुबर्टने काय केलं? त्या भागात फ्रेंच राजवटीच्या काळापासून व्यापारी न्यायालयं चालत आलेली होती. १८५१ मध्ये त्याने क्रेफेल्डच्या अशा न्यायालयात आपली नमुना बाटली जमा करून ठेवली. बाटली, भोवतीचा कागद, लेबल, सगळं जसं दुकानात मिळतं तसं. म्हणजे उद्या कोणी ‘ही बाटली आमचीच’ म्हणाला, तर तारखेसकट पुरावा सरकारदरबारी तयार!

कंपनी सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती हे बघा. ‘आधी मोठे होऊ, मग बघू’ असं तो म्हणाला नाही. आणि त्याने फक्त नाव जपलं नाही, संपूर्ण रूप जपलं. लेबल वाचायच्या आधी गिऱ्हाईक डोळ्यांनी माल ओळखतं. तपकिरी कागदात गुंडाळलेली बाटली ही आजही अंडरबर्गची खूण आहे.

तुम्हाला कोर्टात बरणी नेऊन ठेवायची गरज नाही. पण पहिलं बिल, पहिलं लेबल, छापखान्याची पावती, पॅकिंगचे फोटो, पहिल्या ऑर्डरचे मेसेज हे सगळं तारखेसकट एका फाइलमध्ये ठेवा. उद्या वाद झालाच, तर ‘हे नाव आम्ही आधीपासून वापरतोय’ हे याच कागदांवर ठरतं.

धडा ३ : सगळ्यांचं नाव सोडलं, स्वतःचं नाव धरलं

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सुरुवातीच्या काळात हुबर्टच्या लेबलवर ‘बोनेकांप’ हाच शब्द ठळक होता. गिऱ्हाइकाला तो माहीत होता, त्यामुळे माल विकायला सोपा जायचा. पण अडचण अशी की तो शब्द कोणाच्याच मालकीचा राहिला नव्हता. कोणीही कडू मद्य बनवावं आणि वर ‘बोनेकांप’ लिहावं. म्हणजे चांगला माल बनवून हुबर्टने त्या शब्दाची इज्जत वाढवली, तर फायदा सगळ्यांना. दुसऱ्याने खराब माल काढला, तर बदनामी हुबर्टलाही.

कायदाही हळूहळूच बदलला. १८७४ मध्ये जर्मनीत ट्रेडमार्कचा कायदा आला, पण त्यात नुसत्या शब्दाला संरक्षण नव्हतं, चित्र किंवा चिन्ह लागायचं. १८९४ च्या कायद्याने शब्दही नोंदवता यायला लागला. त्यानंतर घराण्याने आपलं आडनाव नोंदवलं, आणि पुढे ‘बोनेकांप’ हा शब्द सोडून माल फक्त ‘अंडरबर्ग’ या नावाने विकला. एकच शब्द, आणि तो फक्त त्यांचा.

आता आपल्याकडची लेबलं आठवा. ‘घरगुती मसाले’, ‘आजीची चव’, ‘गावरान’, ‘अस्सल’, ‘शुद्ध’. दुकानात माझ्याकडे एका फळीवर ‘घरगुती’ असं लिहिलेली चार वेगवेगळ्या लोकांची पाकिटं असतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘ते घरगुतीवालं द्या.’ मी विचारतो, ‘कोणतं?’ त्याला सांगता येत नाही. म्हणजे बनवणारीने मेहनत केली, चव जिभेवर बसली, पण नाव डोक्यात बसलं नाही. मग पुढचं पाकीट कोणाचं विकलं जाणार? जे हाताला आधी लागेल ते.

‘गोडा मसाला’, ‘आंब्याचं लोणचं’ ही मालाची नावं. ती लेबलवर लागतातच. पण त्याच्या वर मोठ्या अक्षरात तुमचं, फक्त तुमचं असं नाव हवं. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव नोंदवून मिळणं अवघड असतं. आडनाव खूप सर्रास आढळणारं असेल, तर त्यावरही हरकत येऊ शकते. म्हणून त्याला वेगळा शब्द किंवा चिन्ह जोडा.

खर्चाची भीती असते म्हणून आकडा सांगतो. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला, तर सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, भाज्या-फळांची लोणची वर्ग २९ मध्ये. दोन्ही विकत असाल, तर दोन वर्गांची फी. आणि अर्ज करायच्या आधी तेच नाव कोणी घेतलंय का, हे सरकारी वेबसाइटवर फुकट शोधता येतं. लेबल छापायच्या आधी हे बघा, नंतर नको.

धडा ४ : सारखा माल जमत नव्हता तेव्हा माल बनवलाच नाही

हा भाग हुबर्टनंतरचा आहे, पण नियम त्याचाच.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणाऱ्या वनस्पती मिळेनाशा झाल्या. कंपनीसमोर दोन रस्ते होते. मिळेल त्या पाल्यामुळ्यांवर माल काढायचा आणि त्यावर तेच नाव लावायचं, किंवा थांबायचं. घराण्याने उत्पादन थांबवलं. ‘नेहमी तेच’ असं बाटलीवर लिहायचं आणि आत दुसरंच भरायचं, हे त्यांनी केलं नाही.

तुम्ही म्हणाल, ‘सर, त्यांच्याकडे पैसा होता. आम्ही थांबलो तर चूल पेटणार नाही.’ बरोबर आहे. धंदा थांबवा असं मी सांगतच नाही. पण एक बॅच थांबवता येते ना? चला, गणित करू. हे समजण्यासाठी धरलेले आकडे आहेत.

समजा, एक बॅच बिघडली. २० पाकिटं, प्रत्येकी १५० रुपये. विकली तर आज ३,००० रुपये गल्ल्यात. त्या २० गिऱ्हाइकांपैकी ८ जण पुन्हा आलेच नाहीत. प्रत्येकजण महिन्याला एक पाकीट घ्यायचा आणि पाकिटामागे तुम्हाला ६० रुपये सुटायचे. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे वर्षाला ७२० रुपये. ८ जणांचे ५,७६०. तीन हजार वाचवायला पावणेसहा हजार घालवले! आणि त्या आठ जणांनी शेजारीपाजारी काय सांगितलं, ते या गणितात धरलेलंच नाही.

बिघडलेली बॅच फेकायचीच असं नाही. खाण्याजोगी असेल तर घरी वापरा. तिखट जास्त झालं असेल आणि दुरुस्त होत असेल, तर पुढच्या बॅचमध्ये मोजून मिसळा. पण तुमच्या नावाच्या पाकिटात ती जाऊ देऊ नका. आणि माल उशिरा मिळणार असेल तर गिऱ्हाइकाला सरळ मेसेज करा : ‘या वेळी मिरची मनासारखी मिळाली नाही, माल दहा दिवसांनी देते.’ असा मेसेज आलेलं गिऱ्हाईक थांबतं, शिवाय चार जणांना कौतुकाने सांगतं.

धडा ५ : माप बदललं, माल नाही

१९४९ मध्ये हुबर्टचा नातू एमिल अंडरबर्ग याने माल पुन्हा बाजारात आणला, पण नव्या मापात : २० मिलीलीटरची इवलीशी बाटली. एका वेळेला एक. आजही ती तशीच मिळते, तपकिरी कागदात गुंडाळलेली.

या एका निर्णयात किती कामं झाली बघा. युद्धानंतर लोकांच्या खिशात पैसा नव्हता, छोटी बाटली परवडली. मोठ्या बाटलीतून पेल्यात ओतताना कोणी दुसराच स्वस्त माल ओतू शकतो. सीलबंद छोट्या बाटलीत तसं करता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे किती ओतायचं हा प्रश्नच संपला. हुबर्टला डच मुलखात दिसलेली हाताच्या अंदाजाची जी अडचण होती, ती शेवटच्या घोटापर्यंत मिटली.

काळ बदलला की बदलायचं असतंच. पण काय बदलायचं आणि काय नाही, हे आधी ठरलेलं हवं. एमिलने माप बदललं. चव, नाव आणि कागद तसाच ठेवला. तुमचं अर्ध्या किलोचं पाकीट नवीन गिऱ्हाइकाला महाग वाटत असेल, तर ५० ग्रॅमचं काढा. स्वस्त पडावं म्हणून आतला मसाला हलका करू नका.

जाता जाता एक सावधगिरी. वनस्पतींपासून बनवलेल्या मालावर ‘पचन सुधारतं’, ‘शुगर कमी होते’ असं लिहायचा मोह होतो. सिद्ध न झालेले असे दावे आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अडचणीत आणतात. चव विका, आजारावरचा उपाय विकू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या मालात ‘नेहमी तेच’ राहायला हव्या अशा तीन गोष्टी लिहा. रंग, वास, तिखटपणा, कुरकुरीतपणा, जे असेल ते.

२. तुमच्या लेबलवरचे सगळे शब्द एका कागदावर उतरवा. दुसरा कोणीही वापरू शकेल असे शब्द खोडा. शेवटी काय उरतं ते बघा. काहीच उरलं नाही, तर आजपासून नाव शोधायला लागा.

३. कृती ग्रॅममध्ये लिहून काढा, आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला ती वही कुठे आहे ते सांगून ठेवा. गुपित जरूर ठेवा, पण ते एकाच डोक्यात राहिलं तर त्या माणसाच्या आजारपणाबरोबर धंदाही आजारी पडतो.

राइनबेर्गची ती कंपनी आजही त्याच घराण्याकडे आहे. सुरुवात झाली तेव्हा त्यांच्याकडे ना नवा शोध होता, ना मोठं शहर. मोजून केलेला माल होता आणि त्यावर स्वतःचं नाव लावायची तयारी होती. यातलं पहिलं तुम्ही उद्या सकाळी वजनकाट्यापासून सुरू करू शकता.

गृहपाठातल्या दुसऱ्या प्रश्नात तुमच्या लेबलवर काय उरलं, ते खाली नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही नावं घेऊन त्यांवर बोलू. भेटूया!